उंची तीच, पाऊस वेगळा : मॉरिशस बेटाची भूरचना

पुणे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. हिंदी महासागरातील मॉरिशस बेटावर क्यूरपीप नावाचे गाव आहे, तेही सुमारे ५५० मीटरवर आहे. दोन्ही ठिकाणी पायाखालचा खडक एकाच जातीचा, म्हणजे काळा बेसाल्ट. अक्षांशांतही फारसा फरक नाही. पुणे विषुववृत्ताच्या उत्तरेस साडेअठरा अंशांवर, तर क्यूरपीप दक्षिणेस वीस अंशांवर. असे असूनही पुण्यात वर्षाला सरासरी सातशे-साडेसातशे मि.मी. पाऊस पडतो आणि क्यूरपीपच्या परिसरात त्याच्या चौपटीच्या घरात.

'उंच ठिकाणी पाऊस जास्त' हे वाक्य आपण वर्गात नेहमी सांगतो. मग इथे काय झाले? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मॉरिशससारखे दुसरे उदाहरण नाही. हे बेट लहान असल्याने त्याची सर्व भूरचना एका नजरेत मावते. शिवाय, त्या रचनेवर तिथल्या माणसांचे पाणी, पीक आणि आरोग्य कसे अवलंबून आहे हेही स्पष्ट दिसते.

बेटाचा आकार

मॉरिशसचे मुख्य बेट उत्तर-दक्षिण सुमारे ६५ कि.मी. लांब आणि पूर्व-पश्चिम सुमारे ४५ कि.मी. रुंद आहे. क्षेत्रफळ १,८६५ चौ. कि.मी. म्हणजे महाराष्ट्रातील दोन-तीन तालुक्यांएवढे. नैर्ऋत्येकडील काळी नदी पर्वतरांगेतले ८२८ मीटर उंचीचे शिखर हे बेटावरील सर्वांत उंच ठिकाण. आपले माथेरान साधारण एवढेच उंच आहे. वायव्येकडील मोका रांगेत पीटर बोथ (८२० मीटर) आणि ल पूस (८१२ मीटर) ही शिखरे आहेत. 'ल पूस' म्हणजे फ्रेंच भाषेत अंगठा. शिखराचा आकार तसाच आहे.

नकाशा नीट पाहिला तर एक गोष्ट ध्यानात येते. सर्वांत उंच शिखरे बेटाच्या मध्यभागी नाहीत. ती कडेकडेने, तुटक्या कड्यासारखी उभी आहेत. मध्यभागी आहे ते पठार. उत्तरेकडे हे पठार सावकाश उतरत मैदानाला मिळते. दक्षिणेकडे आणि पश्चिमेकडे मात्र उतार तीव्र आहे. असे का?

सह्याद्रीचे धाकटे भावंड

सुमारे ऐंशी-नव्वद लाख वर्षांपूर्वी समुद्रतळावर लाव्हा साचत साचत एक प्रचंड ज्वालामुखी पाण्याबाहेर आला. त्याचा आकार पालथ्या ठेवलेल्या ढालीसारखा होता. पुढे त्याचा मधला भाग खचला आणि झिजला. कडा तेवढ्या उरल्या. आज दिसणाऱ्या पर्वतरांगा म्हणजे त्या जुन्या ज्वालामुखीचे अवशेष होत. नंतरच्या काळात, विशेषतः गेल्या दहा लाख वर्षांत, मधल्या भागातून पातळ लाव्हा पुन्हा वाहिला. त्याने खळगा भरला आणि पठार तयार झाले. क्यूरपीपजवळील त्रू ओ सेर्फ हे ज्वालामुखीचे मुख आणि 'गंगा तलाव' या नावाने ओळखले जाणारे तळे या उत्तरकाळाच्या खुणा आहेत.

बहुतेक भूवैज्ञानिकांच्या मते या लाव्ह्याचा उगम आणि आपल्या दख्खनच्या पठाराचा उगम एकच आहे. पृथ्वीच्या पोटातील एका तप्त स्थानावरून भूपट्ट सरकत गेले आणि वरचे कवच वेळोवेळी फुटत राहिले. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भारतीय भूपट्ट त्या स्थानावर होता तेव्हा दख्खनचे थर साचले. त्यानंतर मालदीव आणि चागोस बेटांखालचा पाया तयार झाला, मग मॉरिशस, आणि शेवटी मॉरिशसच्या नैर्ऋत्येचे रियुनियन. तेथील एक ज्वालामुखी आजही जागा आहे.

या मालिकेतून भूरचनेचा एक मोठा धडा मिळतो. रियुनियन बेट तरुण आहे. त्याचे सर्वोच्च शिखर ३,०७१ मीटर उंच आहे. मॉरिशस वयाने मोठे, झिजून ८२८ मीटरवर आलेले. मालदीवचा ज्वालामुखी तर कधीच पाण्याखाली गेला. वर राहिली ती प्रवाळांची बेटे, समुद्रापेक्षा जेमतेम दोन मीटर उंच. सागरी बेटाची उंची एका अर्थी त्याचे वय सांगते.

वारा कोणत्या बाजूने येतो?

आता पावसाकडे वळू. मॉरिशसवर वर्षातील बहुतेक काळ आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात. उबदार समुद्रावरून हजारो किलोमीटर आल्याने ते बाष्पाने भरलेले असतात. वाटेत त्यांना पहिला अडथळा लागतो तो या बेटाचा. हवा चढणीवरून वर जाते, वर दाब कमी असल्याने प्रसरण पावते आणि थंड होते. कोरडी हवा दर शंभर मीटरला सुमारे एक अंश सेल्सिअसने थंड होते. बाष्पाचे थेंब बनू लागले की हा वेग जवळजवळ निम्म्यावर येतो. पठारावर पोहोचेपर्यंत ढग दाटतात आणि पाऊस पडतो. पुढे पश्चिमेकडे उतरताना तीच हवा तापते आणि कोरडी होते.

परिणाम आकड्यांत पाहा. संपूर्ण बेटाची वार्षिक सरासरी सुमारे २,००० मि.मी. आहे. पठाराच्या सर्वांत ओल्या भागात हा आकडा ४,०००च्या घरात जातो, तर पश्चिम किनाऱ्यावर ८०० ते ९०० मि.मी.वर येतो. या दोन ठिकाणांतील अंतर एसटीने तासाभराच्या आतले!

आता पुण्याचे कोडे सुटते. पुण्याच्या पश्चिमेस सह्याद्रीचा माथा आहे आणि नैर्ऋत्य मोसमी वारे आपले बाष्प तिथेच टाकून येतात. लोणावळ्याची उंची पुण्यापेक्षा फार जास्त नाही, पण ते माथ्यावर आहे. म्हणून तिथे पाऊस चार हजार मि.मी.च्या आसपास. पुणे त्याच माथ्याच्या मागे, पर्जन्यछायेत. क्यूरपीप हे मॉरिशसचे लोणावळे आहे. तेव्हा उंचीचा आकडा पुरेसा नाही. ती उंची वाऱ्याच्या वाटेत कोठे उभी आहे, हे विचारले पाहिजे.

पाणी वर, तहान खाली

पठारावरून नद्या चारी दिशांना वाहतात, पण त्या आखूड आहेत. सर्वांत लांब नदीही चाळीस कि.मी. भरत नाही. पडलेले पाणी काही तासांत समुद्राला मिळते किंवा तरुण, सच्छिद्र लाव्ह्यातून जमिनीत मुरते. पाऊस मध्यावर पडतो आणि गरज मात्र कोरड्या उत्तरेला व पश्चिमेला जास्त. म्हणून मॉरिशसने पठारावरच तलाव बांधले. मार ओ वाकोआ हा सर्वांत मोठा तलाव सुमारे २.६ कोटी घनमीटर पाणी साठवतो. मिडलँड्स धरणाचे पाणी उत्तरेकडील भागासाठी नेले जाते. पाणी उंचावर असल्याने त्याला बराचसा प्रवास उताराने करता येतो. पण मध्यावरचा पाऊस हुकला की सगळे बेट अडचणीत येते. १९९९ सालच्या अवर्षणात साखरेचे उत्पादन आदल्या वर्षीपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी घटले.

हा ऊस ज्या शेतांत उभा राहिला ती शेते मुळात काळ्या दगडांनी भरलेली होती. १८३४ पासून कराराने नेलेल्या भारतीय मजुरांनी ती साफ केली. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली मराठी माणसेही होती. वेचलेल्या दगडांचे ढीग आजही उसाच्या शेतांत मनोऱ्यांसारखे उभे दिसतात.

उंचीने वाचवले, उताराने बुडवले

१८६६ ते १८६८ या काळात मॉरिशसमध्ये हिवतापाची भयंकर साथ आली. हजारो माणसे मेली. राजधानी पोर्ट लुई हे किनाऱ्यावरचे, उष्ण आणि सखल बंदर. तिथे सर्वांत जास्त बळी गेले. हिवताप डासांमुळे होतो हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हते. तरी वरच्या थंड गावांत ताप कमी, एवढे लोकांनी पाहिले होते. ज्यांना परवडले ते पठारावर राहायला गेले आणि क्यूरपीप वाढले. १८६५ मध्येच पोर्ट लुईहून पठारावर जाणारी रेल्वे सुरू झाली होती. त्यामुळे राहायचे वर आणि काम करायचे खाली, हे शक्य झाले. क्यूरपीप समुद्रकिनाऱ्यापेक्षा तीन-चार अंशांनी थंड असते. थंडीत हिवतापाच्या परजीवीची डासाच्या पोटातील वाढ मंदावते, हे पुढे कळले. डास आणि हिवताप यांचा संबंध १८९७ मध्ये सिकंदराबाद येथे शोधून काढणारे रोनाल्ड रॉस १९०७ मध्ये याच प्रश्नासाठी मॉरिशसला गेले होते. हा लाभ सर्वांना मिळाला नाही, हेही विसरू नये. सखल भागातील उसाच्या मळ्यांवरच्या मजुराला घर उचलून वर नेणे शक्य नव्हते.

याच भूरचनेची दुसरी बाजू ३० मार्च २०१३ रोजी दिसली. पोर्ट लुई शहराच्या पाठीशी मोका रांग आहे आणि समोर समुद्र. मधला उतार आखूड आणि तीव्र. त्या दिवशी थोड्या वेळात सुमारे दीडशे मि.मी. पाऊस कोसळला. पाणी डोंगरावरून थेट शहरात आले आणि अकरा जणांचा बळी गेला. नदी लांब असेल तर पुराची पूर्वसूचना मिळते. उतार आखूड असेल तर मिळत नाही.

मॉरिशस देशात इतर बेटेही आहेत. रॉड्रिग्सचे सर्वोच्च ठिकाण सुमारे ४०० मीटरवर आहे, तर अगालेगा आणि सेंट ब्रँडन ही प्रवाळांची सखल बेटे समुद्रापेक्षा काही मीटरच वर आहेत. समुद्राची पातळी वाढत असताना एकाच देशातील या बेटांपुढचे प्रश्न सारखे असणार नाहीत.

वर्गात करून पाहा

आलेखाच्या कागदावर १ से.मी. = १ कि.मी. हे प्रमाण धरून मॉरिशसचा पूर्व-पश्चिम छेद काढण्यास मुलांना सांगावे. बेटाची रुंदी ४५ से.मी. येईल आणि सर्वोच्च शिखराची उंची जेमतेम ८ मि.मी.! पेन्सिलीच्या जाडीइतका हा उंचवटा चार हजार आणि आठशे मि.मी. यांतला फरक घडवतो. नंतर उभे प्रमाण दहापट करून तोच छेद पुन्हा काढावा आणि पुस्तकातील छेदांत डोंगर इतके उभे का दिसतात, याची चर्चा करावी. शेवटी छेदावर वाऱ्याचा बाण काढावा. बाण उलट दिशेने काढला तर तलाव कोठे बांधावे लागतील, ऊस कोठे पिकेल? आणि आपल्या गावाच्या कोणत्या बाजूला डोंगर आहे? या प्रश्नांची उत्तरे मुलांनी स्वतः शोधली, की समोच्चरेषा त्यांना केवळ परीक्षेपुरत्या उरणार नाहीत.