‘जतन झाले’ म्हणजे काय?



होमिओपॅथीच्या डॉक्टराने संगणकावर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. पण नोंदी हा माझ्या व्यवसायाचा कणा आहे. जुनाट दुखण्याच्या रुग्णाला दहा वर्षांपूर्वी कोणते औषध दिले, कोणत्या पोटेन्सीचे दिले आणि त्यावर काय फरक पडला, हे केसपेपरवर नसेल तर मी चाचपडतो. पुष्कळ वर्षे हे केसपेपर मी दोरीने बांधून फडताळात ठेवले. पुढे संगणक घेतला. प्रत्येक नोंदीनंतर पडद्यावर ‘जतन झाले’ अशी अक्षरे उमटत. एका पावसाळ्यात वीज गेली, आली, आणि आठ महिन्यांच्या नोंदी उघडेनात. जादाची प्रत होती. पण तीही त्याच डिस्कवर ठेवली होती. तो शहाणपणा माझाच. दुसऱ्या दिवशी एक आजी आल्या. म्हणाल्या, “डॉक्टर, मागं गुण आला त्याच पांढऱ्या गोळ्या द्या.” आमच्या गोळ्या तर साऱ्याच पांढऱ्या!

माझा भाचा पुण्यात याच क्षेत्रात आहे. तो म्हणाला, “मामा, प्रतीची चूक तुमची. पण ‘जतन झाले’ या शब्दांवर जगातल्या जाणत्या मंडळींनीही वीस वर्षे असाच विश्वास टाकला होता.” त्याने सांगितलेली ती हकीकत आणि तिच्यामागे लागून मी जे वाचले, ते आज तुमच्यापुढे मांडतो.

डेटाबेस म्हणजे नोंदवही आणि ती सांभाळणारा कारकून, दोन्ही एकत्र. आपल्या वाचनालयात एकच पुस्तक एकाच क्षणी दोघांनी मागितले, तर ते एकालाच मिळाले पाहिजे आणि वहीत एकच नाव लागले पाहिजे. बँका, इस्पितळे, सरकारी कचेऱ्या यांच्यासाठी हेच काम लाखो नोंदींवर करणारा एक डेटाबेस आहे, पोस्टग्रेसक्यूएल. सोयीसाठी त्याला पोस्टग्रेस म्हणू. तो मुक्त आहे. म्हणजे त्याची घडण कोणीही वाचावी, वापरावी, बदलावी. पैसे द्यावे लागत नाहीत.

त्याचा जन्म १९८६ साली अमेरिकेत, बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात, प्राध्यापक मायकेल स्टोनब्रेकर यांच्या हाताखाली झाला. वापरणारे वाढत गेले आणि डागडुजीतच इतका वेळ जाऊ लागला की मूळ संशोधन मागे पडले. शेवटी १९९४ मध्ये विद्यापीठाने प्रकल्प थांबवला. अँड्र्यू यू आणि जॉली चेन या दोन विद्यार्थ्यांनी त्याला नवी प्रश्नभाषा जोडून तो चालू ठेवला, आणि १९९६ मध्ये विद्यापीठाबाहेरच्या स्वयंसेवकांनी तो हाती घेतला. विद्यापीठाला जड झालेले ओझे विखुरलेल्या माणसांनी आजवर कसे पेलले, हा खरा कुतूहलाचा भाग आहे.

एखाद्याला सुधारणा सुचली, तर तो ती सर्वांपुढे उघड पत्रव्यवहारात मांडतो. मग तिची चिरफाड होते. याची गरज काय? जुन्या नोंदींना धक्का लागेल का? वेग मंदावेल का? हे महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे चालते. मूळ संहितेत हात घालण्याचा अधिकार मोजक्या माणसांना आहे आणि तो बरीच वर्षे काम केल्यावरच मिळतो. आलेल्या सुधारणा तपासण्यासाठी वर्षातून पाच वेळा एकेक महिना ठेवलेला असतो. तिथला एक रिवाज मला फार आवडला. ज्याने आपली सुधारणा पुढे ठेवली, त्याने दुसऱ्या कोणाची तरी तितक्याच तोलाची सुधारणा तपासून द्यायची. कारण लिहायला सगळ्यांनाच आवडते, तपासायला माणसे मिळत नाहीत. आपल्या स्मरणिकेची मुद्रिते तपासणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

सुधारणा स्वीकारली की स्वयंसेवकांनी पुरवलेल्या नाना जातींच्या संगणकांवर तिची चाचणी होते. गमतीने त्या संगणकांना पशुपक्ष्यांची नावे दिली आहेत. दरवर्षी एक मोठी आवृत्ती निघते आणि तिची पाच वर्षे देखभाल होते. या कारभाराला मालक नाही. एक छोटे मध्यवर्ती मंडळ आहे आणि त्यात निम्म्याहून अधिक माणसे एकाच कंपनीची नसावीत असा अलिखित दंडक होता. २०२० मध्ये एका कंपनीने दुसरी विकत घेतली आणि मंडळातले पाचांपैकी तिघे एकाच छत्राखाली आले. तेव्हा बाहेरचे दोघे घेऊन मंडळ सातांचे केले गेले.

आता ती हकीकत. आपले जुने व्यापारी कीर्द आणि खतावणी ठेवत. व्यवहार झाला की आधी कीर्दीत टिपायचा, मग सवडीने खतावणीत चढवायचा. पोस्टग्रेसही असेच करतो. पण डिस्कवर तो स्वतः लिहीत नाही. लिहिण्याचे काम संगणकाच्या मूळ प्रणालीचे, म्हणजे लिनक्ससारख्या प्रणालीचे. ती मजकूर आधी स्मृतीत ठेवते आणि सवडीने डिस्कवर उतरवते. म्हणून पोस्टग्रेस अधूनमधून तिला बजावतो, ‘आता सगळे खरोखर उतरव आणि उतरले का ते सांग.’ प्रणालीने ‘जमले नाही’ म्हटले, तर तो थोड्या वेळाने पुन्हा विचारी. ‘झाले’ असे उत्तर आले की निश्चिंत होई.

मार्च २०१८ मध्ये क्रेग रिंगर या विकसकाने सर्वांपुढे एक गोष्ट ठेवली. लिनक्स ‘जमले नाही’ हे एकदाच सांगते. त्यानंतर न उतरलेला मजकूरही ती उतरल्याच्याच खात्यात टाकते. म्हणून दुसऱ्यांदा विचारले की ‘झाले’ म्हणते, आणि डिस्कवर मात्र काहीच नसते. दुसऱ्यांदा विचारणे सुरक्षित आहे, ही समजूत सुमारे वीस वर्षे कोणी पारखून पाहिली नव्हती.

चूक कोणाची, यावर भरपूर वाद झाला. लिनक्सची मंडळीही चर्चेत उतरली. डिस्कच बिघडली तर तो मजकूर स्मृतीत किती काळ धरून ठेवायचा, हा त्यांचा प्रश्नही खोटा नव्हता. अखेर पोस्टग्रेसच्या मंडळींनी स्वतःच्या घरात बदल केला. ‘जमले नाही’ असे एकदा जरी ऐकू आले, तरी पुन्हा विचारायचे नाही. दुकान तत्काळ बंद करायचे आणि शेवटचा ताळा लागला होता तिथपासून कीर्द वाचून खतावणी पुन्हा लिहायची. फेब्रुवारी २०१९ मध्ये ही दुरुस्ती त्या वेळी देखभालीत असलेल्या पाचही आवृत्त्यांत आली. चूक कोणी लपवली नाही. सारा वाद आजही कोणालाही वाचता येतो.

याच्या उलट उदाहरणही आहे. एक्सझेड नावाचे मजकूर दाबून लहान करणारे साधन असंख्य संगणकांवर असते. ते कित्येक वर्षे मुख्यतः एकच माणूस सांभाळत होता. तो थकला होता आणि तसे त्याने बोलूनही दाखवले होते. एक मदतनीस पुढे आला. दोनेक वर्षे नेटाने काम करून त्याने विश्वास मिळवला आणि मग गुपचूप एक चोरदार बसवले. मार्च २०२४ मध्ये ते उघडकीस आले, तेही योगायोगाने. पोस्टग्रेसचेच एक विकसक आंद्रेस फ्रॉइंड दुसरीच मोजमापे घेत असताना त्यांना दिसले की दूरच्या संगणकात प्रवेश करायला अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. ते त्या अर्ध्या सेकंदाच्या मागे लागले आणि चोरदारापर्यंत पोहोचले. जागरूक माणूस होता म्हणून आपण वाचलो. पण एकट्या थकलेल्या माणसावर सारा भार टाकला होता, म्हणूनच चोराला वाट मिळाली.

आम्हा जैनांत श्रुतपंचमीला ग्रंथांचे वेष्टन सोडून, धूळ झटकून ते पुन्हा बांधून ठेवतात. लहानपणी मला ती निव्वळ पूजा वाटे. आता वाटते, वर्षातून एकदा प्रत्येक पोथी उघडून पाहण्याची ती पक्की व्यवस्था होती. वाळवी लागली असेल तर त्याच दिवशी कळे.

श्रोतेहो, आपली संस्था यंदा सभासदवही आणि ग्रंथनोंद संगणकावर नेत आहे. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांच्या कितीतरी खुणा त्या वह्यांतच आहेत. म्हणून माझे कार्यकारिणीला तीन प्रश्न आहेत. नोंदींची प्रत दुसऱ्या जागी, दुसऱ्या छपराखाली राहील का? त्या प्रतीतून वही पुन्हा उभी करून दर सहा महिन्यांनी कोण पाहील? आणि हे काम एकट्या चिटणिसांच्या गळ्यात न घालता दुसरे कोण शिकून घेईल?

तिसऱ्या प्रश्नाला माझे नाव लिहून घ्या. दवाखाना सायंकाळी सातला बंद होतो.