वेंटवर्थ वुडहाऊस : एका वाड्याची आणि त्याखालच्या कोळशाची हकिगत



तीस वर्षे कामगारांच्या युनियनमध्ये घालवलेल्या माणसाने इंग्रज उमरावाच्या वाड्यावर बोलायला उभे राहावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयाने केले. हा वाडा मी प्रत्यक्ष पाहिलेला नाही. पुस्तके, नकाशे आणि छायाचित्रे यांवरून जो समजला, तोच सांगतो. सांगण्याचे कारण असे, की १९४६ साली या वाड्याच्या बागेसाठी कंबर कसून उभे राहिले ते खाणकामगार, आणि ज्याच्या हुकमाने तिच्यात यंत्रे शिरली तो मंत्री मजूर पक्षाचा! हे उलटे कसे घडले, ते कळायला आधी वाडा समजून घेतला पाहिजे.

वेंटवर्थ वुडहाऊस हा वाडा इंग्लंडच्या यॉर्कशायर भागात, रॉदरहॅम शहराजवळ आहे. त्याची पूर्वेकडील दर्शनी बाजू ६०६ फूट लांब आहे आणि खोल्या तीनशेंहून अधिक. पाहुण्यांना आपल्या खोलीची वाट पुन्हा सापडावी म्हणून वाटेत टाकायला रंगीत कपटे देत असत, असे सांगतात. पण खरी मौज वेगळीच आहे. हा एक वाडा नसून पाठीला पाठ लावून उभे असलेले दोन वाडे आहेत. पश्चिमेचा विटांचा, नक्षीकामाने नटलेला. पूर्वेचा दगडी, भारदस्त आणि संयमी.

या दोन वाड्यांच्या मुळाशी आहे भाऊबंदकी! ती काही केवळ आपल्याकडचीच मिरास नव्हे. १६९५ साली स्ट्रॅफर्डचा दुसरा अर्ल निपुत्रिक वारला. जहागीर त्याने भाच्याला, वॉटसन घराण्यातल्या थॉमसला दिली. चुलत घराण्यातल्या थॉमस वेंटवर्थच्या वाट्याला नुसती एक पदवी आली. दुखावलेल्या त्या गृहस्थाने १७०८ साली जवळच स्टेनबरो येथे जमीन घेतली आणि वेंटवर्थ कॅसल नावाचा टोलेजंग वाडा उठवला. मग भाच्याचा मुलगा मागे कसा राहील? १७२३ साली जहागीर हाती येताच त्याने पश्चिमेचा वाडा बांधायला घेतला. तो पुरता होतो न होतो तोच बांधकामाची हवा पालटली होती.

नवी हवा होती पॅलाडिओची. सोळाव्या शतकातल्या या इटालियन स्थपतीने प्राचीन रोमन इमारतींची मापे घेऊन प्रमाणबद्धतेवर ग्रंथ लिहिला होता. मधोमध देवळासारखे उंच खांब, वर त्रिकोणी शिरोभाग, दोन्ही अंगांना समतोल पाखे, आणि मुख्य दालने तळमजल्यावर नव्हे तर त्याच्या वरच्या मजल्यावर, ही त्याची रीत. ती व्हिग पक्षाच्या उमरावांनी उचलली, आणि आपले धनी कट्टर व्हिग. म्हणून १७३४ च्या सुमारास पूर्वेच्या वाड्याचे काम सुरू झाले. त्याला आकार देणारा हेन्री फ्लिटक्रॉफ्ट हा मूळचा सुतार. लॉर्ड बर्लिंग्टनच्या घरी काम करताना तो पराच्चीवरून पडला, पाय मोडला, आणि अंथरुणावर असताना त्याने काढलेली चित्रे पाहून त्या उमरावाने त्याला हाताशी धरले, अशी आख्यायिका आहे. पराच्चीवरून पडलेल्या किती जणांचे नशीब असे उघडते, हे मी आपणांला सांगायला नको.

आतल्या ‘मार्बल सलून’ नावाच्या दालनाची लांबी-रुंदी साठ-साठ फूट आणि उंची चाळीस फूट. फरशी संगमरवरी, पण भोवतीचे खांब मात्र संगमरवरी नाहीत! जिप्समचा गिलावा, सरस आणि रंग यांचा लगदा करून, तो खांबावर चढवून, घासून घासून दगडासारखी झिलई आणलेली आहे. हे कारागिराच्या मनगटाचे काम. उमरावांची नावे पदव्यांसह आपल्याला मिळतात; तो गिलावा घासणाऱ्या हातांची मिळत नाहीत.

बांधणाऱ्याचा मुलगा, रॉकिंगहॅमचा दुसरा मार्क्विस, १७६५ आणि १७८२ असा दोनदा इंग्लंडचा पंतप्रधान झाला. त्याच्यामागे जहागीर पुन्हा भाच्याकडे, म्हणजे अर्ल फिट्झविल्यमकडे गेली. एव्हाना शेतसाऱ्याच्या जोडीला दुसरे उत्पन्न आले होते. या भूमीखाली कोळशाचे थर आहेत. जवळच्या एल्सेकर येथे खाणीतले पाणी उपसण्यासाठी १७९५ साली बसवलेले वाफेचे इंजिन आजही जागच्या जागी उभे आहे.

आता १९४६ कडे येऊ. महायुद्धाने इंग्लंड खंक झालेले, कोळशाची टंचाई. इंधनमंत्री इमॅन्युएल शिनवेल हा शिंप्याचा मुलगा, कामगार चळवळीत वाढलेला, १९१९ साली ग्लासगोच्या संपानंतर तुरुंगात गेलेला. त्याने वाड्याच्या बागेत उघडी खाण काढायचा हुकूम दिला. उघडी खाण म्हणजे वरची माती खरवडून खालचा थर उचलणे. झाडे गेली, हिरवळ गेली आणि खोदकाम पश्चिमेच्या दाराच्या अगदी जवळ येऊन ठेपले. शेफील्ड विद्यापीठाच्या पाहणीत हा कोळसा हलक्या प्रतीचा ठरला होता. शिनवेलने ते मानले नाही. तेव्हा यॉर्कशायरच्या खाणकामगारांचा अध्यक्ष जो हॉल याने पंतप्रधान ॲटलींकडे धाव घेतली. ही जागा आमच्या लोकांना पवित्र वाटते, असे त्याचे म्हणणे होते. संपाची भाषाही झाली, पण उपयोग झाला नाही.

ही हकिगत मी युनियनच्या कचेरीत सांगितली, तेव्हा एक जुना सोबती म्हणाला, “गुलामगिरीची सवय, दुसरे काय! मालकाची बाग वाचवायला निघाले.” प्रथम वाचले तेव्हा मलाही तसेच वाटले होते. शिनवेलची अडचणही खोटी नव्हती. १९४७ च्या हिवाळ्यात कोळशाअभावी तिकडे कारखाने बंद ठेवावे लागले. पण पुन्हा विचार करता मला दिसते, की त्या बागेत खाणकामगार बायकामुलांना घेऊन फिरायला येत. सातबारा अर्लच्या नावावर असेल, पण आठवडाभर काळोखात राबणाऱ्याला मिळणारी हिरवळ तीच होती. ती उखडताना त्यांना कोणी विचारले नाही. मालकाने न विचारणे आम्हाला सवयीचे असते. आपल्याच सरकारने न विचारावे, हे लागते.

पुढे १९५० च्या सुमारास तिथे व्यायामशिक्षिकांचे महाविद्यालय निघाले. त्यासाठी खटपट केली अर्लच्या घराण्यातल्याच, पण मजूर पक्षाच्या असलेल्या लेडी मेबल स्मिथ यांनी. नंतर वाडा हस्तांतरित होत राहिला. खाणींमुळे जमीन खचून भिंतींना तडे गेले, असे म्हणत एका मालकाने १० कोटी पौंडांची भरपाई मागितली. २०१६ साली तो दावा फेटाळला गेला. २०१७ साली एका विश्वस्त संस्थेने ७० लाख पौंडांना वाडा विकत घेतला. आता तो लोकांना पाहायला खुला आहे.

जो हॉल हरला, हे खरे. तरी संघटनेचे काम पगारवाढीपाशी थांबत नाही, हे मी त्याच्याकडून शिकलो.