पांढऱ्या कबुतराचे तिकीट

कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटो नदीकाठी लॉक नावाचे चिनी लोकांनी वसवलेले गाव आहे. तिथल्या 'दाय लॉय' या जुन्या जुगारअड्ड्याचे आता संग्रहालय झाले आहे. इथला मुख्य खेळ फॅन-टॅन. मूठभर गुंड्या वाटीखाली झाकायच्या, पैसे लागले की वाटी उचलून काडीने त्या चार-चार बाजूला सारायच्या. शेवटी एक, दोन, तीन की चार उरतात, त्यावर हारजीत. राज्याच्या दंडसंहितेत या खेळावर नाव घेऊन बंदी होती. तरी हा अड्डा १९१६ ते १९५१ चालला.

कारण गिऱ्हाईक हक्काचे होते. १८७५ च्या पेज कायद्याने चिनी बायकांची वाट अडवली, १८८२ च्या कायद्याने नव्या मजुरांना दार बंद केले आणि १९१३ च्या कायद्याने जमीन घेण्याचा हक्क काढून घेतला. फळबागांत राबणाऱ्या या एकट्या पुरुषांना गावाकडची खबर आणि ओळखीची माणसे अड्ड्यावरच भेटत. मजुरीही तिथेच उडे.

दुसरा खेळ 'पाक काप पिऊ', म्हणजे पांढऱ्या कबुतराचे तिकीट. स्ट्यूअर्ट क्युलिन यांनी १८९१ मध्ये अमेरिकेतल्या चिनी जुगारावर लिहिताना त्याची तपशीलवार नोंद केली. चिनी मुले ज्यावरून अक्षरे गिरवत, त्या हजार अक्षरांच्या पुस्तकातली पहिली ८० अक्षरे तिकिटावर छापलेली असत. खेळणारा शाईने दहांवर खुणा करी. सोडतीच्या वेळी ८० चिठ्ठ्यांच्या गोळ्या कालवून चार वाडग्यांत वीस-वीस टाकत आणि एक वाडगा चिठ्ठी काढून ठरवत. त्यातली वीस अक्षरे जिंकणारी. आपल्या मटक्यासारखाच हा खेळ गरिबाला परवडे, कारण थोड्या पैशांत मोठे घबाड लागेल ही आशा विकत मिळे.

नेवाडाने १९३१ मध्ये जुगार कायदेशीर केला. १९३६ मध्ये रीनोच्या पॅलेस क्लबमध्ये हाच खेळ मांडला गेला, फक्त अक्षरांच्या जागी १ ते ८० आकडे आले. लॉटरीवर मात्र तिथेही बंदी होती. म्हणून आकड्यांना घोड्यांची नावे जोडून शर्यतीचा आव आणला. शर्यतींच्या पैजांवरील १९५१ च्या केंद्रीय करामुळे ती नावे गळाली आणि उरला तो केनो हा नुसत्या आकड्यांचा खेळ. त्याच वर्षी सरकारने दाय लॉयला टाळे ठोकले.

आज कॅलिफोर्नियाची सरकारी लॉटरी 'हॉट स्पॉट' नावाचा खेळ विकते. त्यात दर चार मिनिटांनी ८० पैकी २० आकडे निघतात, आणि नफा सरकारी शाळांना जातो. म्हणजे गुन्हा खेळात नव्हताच. तो कोण खेळवतो, यावर ठरत होता.