गॅलरीतला पिंजरा आणि शेजारची कुंडी

अंधेरी-बोरिवली असो की मुलुंड-घाटकोपर, रुग्ण तपासायला घरी गेलो की एक चित्र हमखास दिसते. गॅलरीच्या ग्रिलमध्ये दाटीवाटीने कुंड्या आणि त्यांतच टांगलेला 'लव्ह बर्ड्स'चा पिंजरा. हे पक्षी बहुधा मूळचे ऑस्ट्रेलियातले बजरीगर असतात. चोचीला लागेल ते कुरतडणे हा त्यांचा स्वभाव. हाती लागेल ते तोंडात घालणे हा रांगत्या मुलाचा. म्हणून कुंडीत काय लावावे, हा आरोग्याचाच प्रश्न आहे.

बजरीगराचे वजन जेमतेम ३० ते ४० ग्रॅम, वर्षाच्या मुलाचे सुमारे १० किलो. मुलाला सोसेल एवढा विषाचा अंशही पक्ष्याला भारी पडू शकतो.

मनी प्लांट आणि डिफेनबेकिया ही झाडे अळूच्या कुळातली. कच्चे अळू खाजते ते कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. तेच स्फटिक या झाडांतही असतात. पान चावताच तोंडाची आग होते, जीभ सुजते, लाळ गळते. कण्हेर आणि पिवळी कण्हेर (बिट्टी) याहून घातक. त्यांच्या विषाने हृदयाचे ठोके बिघडतात, मृत्यूही ओढवतो. पूजेला फुले हवीत म्हणूनसुद्धा ही झाडे गॅलरीत नकोत. सदाफुलीही पिंजऱ्यापासून लांबच बरी.

मग लावावे काय? तुळस, जास्वंद, स्पायडर प्लांट, अरेका पाम खुशाल लावा. एका कुंडीत राळे किंवा धने पेरा. कोवळा पाला पक्षी आवडीने खातात. मात्र नर्सरीतल्या रोपावर कीटकनाशक मारलेले असू शकते. पाने धुवावीत आणि नवे रोप काही आठवडे पिंजऱ्यापासून दूर ठेवावे.

मुलाने पान चावलेच, तर तोंडातले तुकडे काढून तोंड ओल्या फडक्याने पुसावे, थोडे गार पाणी किंवा दूध द्यावे. उलटी मुळीच करवू नये. श्वासाला त्रास होत असेल, किंवा झाड कण्हेरीचे असेल, तर लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. झाडाची फांदी सोबत न्यावी.

पक्षी आजार लपवतो. तो पिसे फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी बसला, तर 'उद्या पाहू' म्हणू नये. पक्ष्यांवर उपचार करणारा जवळचा पशुवैद्य आजच विचारून ठेवा.