धरसोड कीं तयारी?

शालान्त परीक्षेचा निकाल लागला, कीं मलकापुरांतील घराघरांत मुलांस एकच प्रश्न विचारला जातो : “पुढें कोण होणार?” ज्याला याचें एका शब्दांत उत्तर देतां येत नाहीं, तो बिचारा मनांतून खचतो. अशा विद्यार्थ्यानें पु. ल. देशपांडे यांचा जीवनक्रम अवश्य अभ्यासावा.

प्रथम निवेदकाचें काम काय, तें पाहूं. अनुबोधपट असो वा नभोवाणी, जें केवळ पाहून वा ऐकून उमजत नाहीं, तें निवेदक आपल्या वाणीनें उलगडून सांगतो. त्यास भाषा हवी, सुरांची जाण हवी, आणि माणसांची पारख तर हवीच. हे तिन्ही गुण एकाच ठिकाणीं शिकावयास मिळत नाहींत.

पु. लं.चा जन्म १९१९ सालीं मुंबईस झाला. त्यांनीं कायद्याची पदवी घेतली, कारकुनी केली, हायस्कुलांत शिकविलें, पुढें बेळगांवच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजांत ते मराठीचे प्राध्यापक झाले. पेटीवादन तर चालूच होतें. १९५३ च्या ‘गुळाचा गणपती’ या चित्रपटाची कथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन आणि नायकाची भूमिका हीं सर्व त्यांचींच. १९५५ सालीं ते नभोवाणींत गेले. लंडनच्या बी. बी. सी. मध्यें दूरचित्रवाणीचें शिक्षण घेऊन ते परतले. आणि १९५९ सालीं दिल्लींत दूरचित्रवाणी सुरू झाल्यावर तीवर पंडित नेहरूंची पहिली मुलाखत घेण्याचा मान त्यांस मिळाला.

वरवर पाहतां ही धरसोड वाटेल. परंतु १९६१ च्या सुमारास ‘बटाट्याची चाळ’ रंगभूमीवर आली, तेव्हां तिचा खरा अर्थ प्रकट झाला. रंगमंचावर माणूस एकच! तोच निवेदक आणि तोच चाळींतला प्रत्येक बिऱ्हाडकरू. वेष न पालटतां, केवळ आवाज व हावभाव यांच्या बळावर अवघी चाळ उभी राही. वर्गांतली भाषा, कचेरींतलीं माणसें, पेटीची लय आणि नभोवाणीचा स्वर हीं सारीं तेथें एकत्र नांदत होतीं.

विद्यार्थी मित्रहो, यावरून हातचें काम अर्धवट टाकावें, असा अर्थ कोणीं काढूं नये. पु. लं.नीं वाटा पुष्कळ बदलल्या. परंतु प्रत्येक वाटेवर जें मिळालें, तें गांठीस बांधून ते पुढें गेले. आज हातीं असलेलें काम मनापासून शिका; तें उद्यां कोठें उपयोगीं पडेल, हें आज सांगतां येत नाहीं.