मांजराचे घर कुठे असते?
(बुलढाणा येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

मित्रहो, आपल्या जिल्ह्यातून हल्ली बरीच वयस्क जोडपी पुण्याला मुलाकडे राहायला जातात. सामान टेम्पोत जातं, माणसं कारमध्ये. प्रश्न उरतो मांजराचा. "ते काय, इथंच राहील, कोणीही तुकडा टाकील," असं म्हणून दार ओढून घेतलं जातं. नाहीतर पोत्यात घालून ते दूर कुठंतरी सोडलं जातं. प्राण्यांच्या क्रूरतेस प्रतिबंध करणारा 1960 चा कायदा आहे. पाळीव प्राणी उपाशीतापाशी राहील अशा अवस्थेत विनाकारण सोडून देणं, हा त्या कायद्याच्या कलम 11 प्रमाणे गुन्हा आहे. पण कायदा बाजूला ठेवू. न्यायचं ठरवलं तर न्यायचं कसं, ते बघू.

रामानुजांनंतर श्रीवैष्णवांमध्ये दोन पंथ झाले, वडकलै आणि तेंकलै. त्यांचा वाद दोन दृष्टान्तांनी सांगतात. माकडाचं पिल्लू आईला स्वतः घट्ट धरतं, तो मर्कटकिशोरन्याय. मांजराचं पिल्लू काहीच करत नाही, आई त्याला मानेला धरून उचलते, तो मार्जारकिशोरन्याय. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते असं आपण म्हणतोच. तोंडात धरलेलं पिल्लू कसं अंग सैल सोडतं, ते तुम्ही पाहिलं असेल.

मग तेच मांजर मोठं झाल्यावर गाडीत का ओरडतं? कारण शरणागतीच्या आधी विश्वास लागतो. मांजराचा विश्वास बराचसा जागेवर असतो. ते दाराच्या चौकटीला, खाटेच्या पायाला गाल घासतं, तेव्हा स्वतःचा वास तिथं ठेवत असतं. त्या वासावरून त्याला जागा आपली वाटते. गाडीत तो वास नसतो. असतो पेट्रोलचा वास, हॉर्न आणि हादरे.

म्हणून तयारी निघायच्या दिवशी करून भागत नाही. दोन-तीन आठवडे आधी पिंजरा, म्हणजे ते कॅरियर, घरात उघडं ठेवा. आत त्याच्या रोजच्या झोपण्याचं फडकं घाला, ते धुऊ नका. खाणं तिथंच द्या. मग गाडीत बसवून गल्लीतून एक चक्कर, नंतर चिखलीपर्यंत. पशुवैद्यकाला आधीच दाखवा, रेबीजची लस झाली आहे का ते बघा. फार घाबरणाऱ्या मांजराला औषध लागतं, पण ते डॉक्टरच देतील. आपल्या झोपेच्या गोळीचा तुकडा अजिबात देऊ नका. जिवावर बेतू शकतं.

निघण्याआधी चार-पाच तास खायला देऊ नका, पाणी मात्र द्या. पिंजरा पट्ट्याने सीटला बांधा, वर पातळ कापड टाका, हवा खेळती ठेवा. चिखली, देऊळगाव राजा, जालना करत पुणे म्हणजे दिवस जातो. जालन्याजवळ समृद्धी महामार्गाला लागलात तर वेग वाढतो, पण थांबायच्या जागा मोजक्या. पाणी आणि वाळूचा ट्रे जवळ हवा. दोन-तीन तासांनी थांबा. गाडीची दारं-काचा बंद केल्याशिवाय पिंजरा उघडू नका. मांजर एकदा रस्त्यावर उतरलं की हाती लागणं कठीण.

आणि ऊन! मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीपार जातो. बंद गाडी उन्हात उभी केली तर आतलं तापमान दहा मिनिटांतच दहाएक अंशांनी चढू शकतं. "चहा पिऊन आलोच" म्हणून त्याला आत ठेवू नका. पहाटे निघा. मांजर तोंड उघडून धापा टाकू लागलं तर सावलीत थांबा, गार हवा द्या. धाप थांबली नाही तर डॉक्टर गाठा.

नव्या घरी पोचल्यावर त्याला सगळं घर दाखवायचा उत्साह नको. एकच खोली द्या. तिथं ते जुनं फडकं, ट्रे, पाणी ठेवा. खाटेखाली बसलं तर बसू द्या, ओढून काढू नका. खाऊ-पिऊ लागलं की दुसरी खोली. तीन आठवडे तरी बाहेर सोडू नका. नाहीतर जुनं घर शोधत निघेल. फ्लॅटच्या गॅलरीला जाळी लावा.

आता जे सांगतो ते मुलांसाठी. पुण्याच्या फ्लॅटमध्ये ज्या आई-वडिलांना तुम्ही नेता, त्यांचंही यापेक्षा फार वेगळं नसतं. त्यांची जुनी गोधडी "जुनाट" म्हणून टाकू नका. त्यांनाही पहिले काही दिवस आपल्या खोलीत बसू द्या. आणि मांजर सोबत असेल, तर त्या घरात निदान एकजण तरी त्यांच्या ओळखीचा असतो.

प्रश्न असतील तर आता घेऊ.