अर्धशक्ती आणि हिमवाट
हिवाळी गिरिभ्रमणाच्या नियोजनाविषयी काही अनुभव

शिशिर ऋतूत हिमालयात जाऊन बर्फावर चालण्याची हौस आता आपल्याकडील मध्यमवर्गातही रुजली आहे. जानेवारी-फेब्रुवारीत चिकित्सालयात येणारे रुग्ण, "आम्ही दोन-तीन दिवस बर्फात चालायला निघालो आहोत, बरोबर काय घेऊ?" असे सहज विचारतात. बहुतेक वेळा आपण सुंठ, च्यवनप्राश व तिळतेल यांची नावे सांगून मोकळे होतो. आम्हीही तसेच करीत होतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये आम्ही सहा जण, पाच वैद्य व औषधी दुकानाचे मालक असलेले एक स्नेही, गढवालातील चोपता-तुंगनाथ परिसरात जाऊन आलो आणि हे उत्तर किती अपुरे आहे हे आमच्या ध्यानी आले.

काळ आणि देश

शीतकाळी जठराग्नी बलवान असतो, त्याला पुरेसे इंधन न मिळाल्यास तो शरीरातील रसाचेच शोषण करतो, हे चरकाचार्यांचे हेमंतवर्णन आपणा सर्वांस पाठ आहे. शिशिरातही तीच चर्या, केवळ रूक्षता व शैत्य अधिक म्हणून निवात व उष्ण गृहाचा आग्रह जास्त. या आधारावर आम्ही डिंकाचे लाडू, तिळाची चिक्की, खजूर, साजूक तूप व मेतकूट असा भरपूर शिधा बांधला. परंतु ऋतुचर्या हा काळाचा विचार झाला. उंची हा देशाचा विचार आहे. उंचावर नवख्या माणसाची भूक बहुधा मंदावते. सारी गावी पहिल्याच रात्री आमच्यापैकी दोघांनी ताट अर्धे टाकले. तेव्हा गुरु-स्निग्ध आहाराचा आग्रह सोडून आम्ही तूप घातलेला मऊ भात, कढत सूप आणि वाटेत थोड्या थोड्या वेळाने लाडवाचा एकेक तुकडा असा क्रम ठेवला. तो सर्वांना मानवला.

तीन दिवसांची आखणी

ऋषिकेशहून देवप्रयाग, श्रीनगर, रुद्रप्रयाग या मार्गाने उखीमठ गाठता येते. उखीमठ सुमारे १,३०० मीटर, सारी गाव सुमारे २,००० मीटर, देवरिया ताल २,४३८ मीटर, चोपता सुमारे २,७०० मीटर व तुंगनाथ मंदिर ३,६८० मीटर उंचीवर आहे. हिवाळ्यात मंदिर बंद असते व देवाची पूजा मक्कूमठ येथे होते. हौशी मंडळी ऋषिकेशहून निघून त्याच रात्री चोपत्याला मुक्काम करतात व दुसऱ्या दिवशी तुंगनाथाकडे धाव घेतात. आम्ही तसे केले नाही. शुक्रवारी रात्री उखीमठ, शनिवारी सारीहून देवरिया तालापर्यंत चालण्याचा सराव व सारीतच मुक्काम, रविवारी चोपत्यावरून तुंगनाथाच्या वाटेने जमेल तेवढे चढून पुन्हा सारीला परत, अशी आखणी होती. दिवसा उंच चढावे व रात्री खाली झोपावे, हे तत्त्व त्यामागे होते. २,५०० मीटरच्या वर डोकेदुखी, मळमळ, भोवळ, अतिथकवा ही लक्षणे दिसल्यास आणखी वर जाऊ नये. लक्षणे वाढत असल्यास खाली उतरावे. चालताना झोक जाऊ लागला, असंबद्ध बोलणे सुरू झाले किंवा विश्रांतीतही धाप लागली, तर रात्र असली तरी उतरण्याची सोय करावी. कोणतेही चूर्ण, आसव वा अवलेह उतरण्याची जागा घेऊ शकत नाही. वैद्यानेच हे रुग्णाला स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे.

पादत्राण, दंड व अर्धशक्ती

चरकाच्या मात्राशितीय अध्यायात पादत्रधारण व दंडधारण यांचे गुण सांगितले आहेत. बर्फात त्यांची प्रचिती पावलोपावली येते. ताज्या भुसभुशीत बर्फात साधा बूट गुडघ्यापर्यंत रुततो. बुटाखाली बांधावयाची रुंद हिमपादत्राणे शरीराचा भार मोठ्या पृष्ठभागावर पसरवतात, त्यामुळे पाय कमी रुततो. घट्ट, निसरड्या बर्फावर मात्र ती कामाची नाहीत. तेथे बुटाला लावायचे लोखंडी दाते हवेत. दोन्ही हातांत काठ्या असाव्यात व पोटऱ्यांवर जलरोधक आवरण बांधावे. ही साधने भाड्याने मिळतील की नाही, याची चौकशी निघण्यापूर्वीच करावी. नुकतीच मोठी हिमवृष्टी झाली असेल तर तीव्र उतारांखालून जाणे टाळावे आणि या बाबतीत स्थानिक वाटाड्याचा शब्द अखेरचा मानावा.

शीतकाळी बलवान व स्निग्धभोजी मनुष्याने अर्धशक्तीने व्यायाम करावा, असे वाग्भटाचार्य सांगतात. श्वास तोंडावाटे येऊ लागणे हे सुश्रुताने अर्धबलाचे लक्षण मानले आहे. उंचीवर ही मर्यादा फार लवकर येते. टीकाकार कपाळावरील घामाचेही लक्षण देतात, आणि हिमप्रदेशात घाम हा शत्रूच होय. आतले कपडे ओले झाले की थांबताक्षणी अंग गार पडते. म्हणून चालताना एक थर उतरवावा, थांबताना तो चढवावा. अंगालगत सुती बनियन न घालता लोकरीचे वस्त्र घालावे. तोंड न उघडता चालता येईल, हाच आमचा वेग होता.

आमच्या हातून होऊ घातलेली चूक

रविवारी चोपत्याच्या अलीकडे सुमारे २ किलोमीटरवर वाहन थांबले. पुढे सर्व वाट पांढरी. दुपारी १ वाजता जेथे असू तेथून परतायचे, असे आदल्या रात्रीच ठरले होते. साडेबाराच्या सुमारास आमचे दुकानदार स्नेही म्हणाले, "बोटे दुखायची थांबली, आता बरे वाटते." हे ऐकून आम्हांला हायसे वाटले, वाटाड्याच्या चेहऱ्यावर मात्र काळजी दिसली. त्याने तेथूनच सर्वांना मागे फिरवले. मंदिराची वाट समोर दिसत होती, दोघे जण थोडे नाराजही झाले.

सारीला खोलीत बूट काढला तेव्हा उजव्या पायाची तीन बोटे पांढरीफटक व बधिर होती. ऊब यावी म्हणून त्यांनी जाड मोज्यांचे दोन जोड अरुंद बुटात कोंबले होते. त्यांनीच रक्ताभिसरण रोखले होते. आम्ही लगेच तिळतेल गरम करावयास ठेवले व पाय शेगडीजवळ ओढला. शीताने दग्ध झालेल्यास स्निग्ध व उष्ण उपचार प्रशस्त, हे सुश्रुताचे अग्निकर्म अध्यायातील वचन आमच्या मनात होते. तोच वाटाड्याने आमचा हात धरला. चोळायचे नाही, शेकायचेही नाही, असे तो म्हणाला. त्याने घमेल्यात कोमट पाणी आणवले, स्वतःचे कोपर बुडवून पाहिले व पाय त्यात ठेवला. पाणी गार होऊ लागले की तो त्यात थोडे ऊन पाणी मिसळी, तेवढ्यापुरता पाय बाहेर काढून. अर्ध्या तासाने बोटे लाल झाली, तीव्र वेदना सुरू झाल्या आणि त्या वेदनेनेच सर्वांना धीर आला. फोड आले नाहीत.

पुढे विचार करता आम्हांस जाणवले की वचन चुकीचे नव्हते, मात्रा चुकत होती. बधिर अवयवाला दाह कळत नाही. शेगडीजवळ तो भाजून निघतो. गोठलेल्या त्वचेला चोळल्याने इजा वाढते. आजच्या वैद्यकातही ३७ ते ३९ अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्यात बुडवणे हाच मान्य उपचार आहे आणि पुन्हा गोठण्याचा धोका असेल तर वाटेत तो करू नये, असा नियम आहे. फोड आले, बोट काळवंडले वा संवेदना परतली नाही, तर विनाविलंब रुग्णालय गाठावे.

हीच गोष्ट मद्याची. हेमंतचर्येत मद्याचा उल्लेख आहे, त्याचा आधार घेऊन बर्फात मद्यपान करणारे भेटतात. मद्याने त्वचेतील रक्तवाहिन्या विस्फारतात, ऊब आल्याचा भास होतो व शरीराची उष्णता बाहेर जाते. निवातगृहाचेही तसेच, बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपल्यास कार्बन मोनॉक्साइडने मृत्यू ओढवतो.

रुग्णास काय सांगावे

अनियंत्रित रक्तदाब, हृद्रोग, तीव्र पांडुरोग, गर्भावस्था किंवा पूर्वी उंचीवर झालेला श्वासाचा त्रास असल्यास परवानगी देण्यापूर्वी तज्ज्ञाचे मत घ्यावे. चालू औषधे थांबवू नयेत. इन्सुलिन गोठू नये म्हणून अंगालगत ठेवावे. अभ्यंग व पादाभ्यंग मुक्कामी, उबदार खोलीत करावेत. तेलाचा थर म्हणजे वस्त्र नव्हे. प्रतिमर्श नस्याने नाकाचा कोरडेपणा कमी होतो. डोळ्यांना काळा चष्मा हवाच. बर्फ खाऊ नये, थर्मासमधील कोमट पाणी प्यावे. दुकानदार बंधूंनी प्रवासाच्या पुडीबरोबर या सूचनांचा एक कागद दिल्यास मोठे काम होईल.

तुंगनाथाच्या उतारांवर त्या दिवशी बर्फाखाली कुटकी निद्रिस्त होती. ज्या वनस्पतींवर आपली दुकाने चालतात, त्या कोणत्या थंडीत तग धरतात हे एकदा पाहावे. मात्र काही उपटून आणू नये. कुटकी व जटामांसी दोन्ही आंतरराष्ट्रीय व्यापार-नियंत्रणाच्या साइट्स कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहेत.

आमचे स्नेही आता दुकानात येणाऱ्या प्रत्येक हिमप्रवाशास प्रथम बुटाचे माप विचारतात, सुंठीची पुडी नंतर देतात. तुंगनाथाचे दर्शन राहिले, याची खंत आम्हांस नाही. शक्ती अर्धी शिल्लक होती, म्हणूनच सहाही जण आपल्या पायांनी घरी परतलो.